मळभाच्या दिवशी सड्यावरून खाडीकडे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

पौष-माघाचे दिवस असावेत, आंबा मोहरलेला असावा आणि सकाळी उठून पाहावे तर आभाळ राखाडी. अशा वेळी रत्नागिरीकडचा बागायतदार एकच शब्द उच्चारतो, 'मळभ', आणि त्याच्या कपाळाला आठी पडते. ढगाळ, दमट हवेत मोहोरावर तुडतुडे वाढतात, भुरी येते, करपा येतो. फवारणीचा खर्च वाढतो आणि हाती काय लागेल याची खात्री उरत नाही. भाद्रपदात भात फुलोऱ्यावर असते, तेव्हाही हाच शब्द कानावर येतो आणि त्यातही काळजीच असते. थोडक्यात, मळभ हा काही कोकणात कौतुकाने घ्यायचा शब्द नाही.

आज मात्र मळभाची थोडी बाजू घ्यायची आहे. शेतकऱ्याला तो दिवस कसाही वाटो, पायी चालणाऱ्याला तो फार सोयीचा असतो. गणपती गावाला गेलेले असतात, पाऊस ओसरत आलेला असतो, पण ऊन अजून मोकळे झालेले नसते, असा एक पंधरवडा आपल्याकडे दरवर्षी येतो. त्यानंतर ऑक्टोबरचे ऊन सुरू झाले की उघडा कातळ तव्यासारखा तापतो आणि त्यावर अर्धा तास काढणे कठीण होते. मळभ असले की हाच कातळ गार असतो. डोळ्यांवर तिरीप येत नाही. ओल्या पानांवरून उन्हाची चकाकी परावर्तित होत नसल्याने हिरव्या रंगाच्या दहा छटा वेगवेगळ्या दिसतात. उन्हाने दुपारी गप्प होणारे पक्षीही अशा दिवशी बराच वेळ बोलत राहतात.

तेव्हा अशा एका दिवशी आपल्या गावातून चालत जाऊ या. वाट कुठली, असे विचाराल तर एका गावाचे नाव घेत नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांची ठेवण एकाच प्रकारची आहे. सर्वांत वर सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. त्याच्या कडेला, उतारावर राई आणि रानझाडी. त्याखाली वाड्या, माडा-पोफळीची आगरे. मग भाताचे मळे, मग पऱ्या, आणि पऱ्याचे पाणी शेवटी नदीला आणि खाडीला. वर-खाली फरक शंभर ते दोनशे मीटरचा. आपल्याकडे डांबरी रस्ते बहुधा सड्यावरून जातात. तिथे एसटीतून उतरायचे आणि खाली चालू लागायचे. रमतगमत दोन-तीन तासांची ही वाट आहे. आणि ती चालताना एक गोष्ट पायांना आधी कळते, मग डोक्याला: आपण ज्या वाटेने उतरतो आहोत, त्याच वाटेने पाणीही उतरते आहे.

सडा : ज्याला आपण ओसाड म्हणतो

सड्यावर पहिल्यांदा नजर टाकली तर काही नाही असे वाटते. काळपट-तांबूस दगड, मधे मधे गवत, दूरवर एखादे एकटे झाड. या दगडाला आपण जांभा म्हणतो. इंग्रजीत त्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात दिले. मलबारात लोक हा दगड मऊ असताना कापतात, हवा लागली की तो घट्ट होतो आणि विटेसारखा बांधकामात वापरतात, हे पाहून त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून ते नाव घेतले. आपला चिरा तोच.

कोकणातला जांभा मुळात सह्याद्रीच्याच काळ्या कातळातून तयार झाला आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास वय असलेल्या त्या लाव्हाच्या खडकावर लाखो वर्षे पाऊस आणि ऊन यांचा मारा झाला. पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोखंडाचा गंज चढावा तसा तो तांबडा झाला. पाणी असे आरपार गेल्यामुळे जांभ्याच्या अंगात नळ्या आणि पोकळ्या राहिल्या. हाताने चाचपून पाहा, स्पंजासारखा लागतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवू या.

आता खाली वाकून बघा. कातळाच्या खोलगट भागात बोटभर माती आणि पाणी साचलेले असते. त्यात जांभळ्या-निळ्या टिकल्यांचा सडा पडलेला दिसेल. ही 'सीतेची आसवं'. नाव हळवे असले तरी वनस्पती मांसाहारी आहे. या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून पाण्याखालच्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते आणि आपली गरज भागवते. पिशवीचे तोंड उघडून मिटायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. जवळच पांढऱ्या गोंड्यांचे गेंद असतात, पिवळा कवला असतो, कडेला तेरडा. चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदूही दिसेल. दीपकाडीची पांढरी फुले मात्र आता संपलेली असतात. ती पावसाच्या तोंडाला, जून-जुलैत येतात. मुख्यतः कोकणच्या या जांभ्या सड्यांवरच वाढणारी ही वनस्पती आहे. तिच्यासाठी आपला 'ओसाड' कातळ हेच घर.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. सड्यावर दगड उचलून पाहण्याचा मोह टाळावा. फुरसे हा रत्नागिरीच्या कातळाचा जुना रहिवासी आहे. ते लहान असते, दगडाच्या रंगाचे असते आणि विषारी असते. पायात बूट आणि हातात काठी असली की पुरे. ते आपणहून अंगावर येत नाही.

याच सड्यांवर आपल्या आधीही माणसे चालत होती. कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसे, न उलगडणाऱ्या चौकटी गावातल्या गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची शोधमोहीम चालवली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला ती कळली. काशेळीच्या सड्यावरचा हत्ती १८ मीटरांच्या आसपास आहे आणि त्याच्या पोटात आणखी अनेक प्राणी कोरलेले आहेत. उक्षीत तर गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन आपल्या हत्तीला संरक्षण दिले. ही शिल्पे मध्याश्मयुगाच्या आसपासची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पे गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही ठिकाणे आहेत.

आणि तरीही आपल्या सातबाऱ्यावर या जमिनीपुढे काय लिहिलेले असते? 'पोटखराब.' म्हणजे लागवडीला निरुपयोगी. महसुलाच्या हिशेबात ते बरोबरच आहे, कारण तिथे भात होत नाही. पण एखादा शब्द शंभर वर्षे कागदावर राहिला की तो आपल्या मनातही उतरतो. मग सडा म्हणजे रिकामी जागा, तिचे काहीही करायला हरकत नाही, असे वाटू लागते. २०२३ साली प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणामुळे बारसूचा सडा देशभर गाजला, तेव्हा सडा ओसाड की जिवंत हा प्रश्न बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला. त्या वादात बाजू कुठलीही घ्या, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावाचा आहे. त्याचे उत्तर सड्यावर उभे राहून मिळत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते.

राई : पाणी जिथे बाहेर येते

सड्याची कड आली की वाट झाडीत शिरते. मळभाच्या दिवशी इथे एकदम संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबावे. मग ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, कुंभा, रायवळ आंबा, रतांबा अशी झाडे एकेक करून वेगळी होतात. देवाची राई असेल तर झाडांचे बुंधे दोघांच्या कवेत न येणारे. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि त्याच्या शेंगा मीटरभर लांब.

आणि बहुतेक वेळा इथेच, राईच्या पायथ्याशी, पाण्याचा आवाज येतो. एखादा झरा, दगडी कुंड किंवा बारमाही विहीर. हे पाणी आले कुठून? वर सड्यावर पडलेले तेच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला काही भाग सड्यावरून वाहून जातो, पण बराचसा जांभ्याच्या भेगांतून आणि नळ्यांतून आत मुरतो. जांभ्याच्या थराखाली चिकण, पांढुरक्या-पिवळसर मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज खाली जात नाही. मग ते आडवे सरकत सरकत उताराला येते आणि जिथे दोन थर उघडे पडतात, तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पूर्वजांनी देऊळ कुठे बांधले, राई कुठे राखली आणि वाडी कुठे वसवली, हे एकदा या दृष्टीने पाहा. कितीतरी ठिकाणी जागा पाण्याने ठरवलेली दिसेल.

सड्यावर ठिकठिकाणी चिऱ्याच्या खाणी आहेत. चिरा नको असे कुणी म्हणणार नाही. आपली घरे, विहिरी, गडगे, देवळांची जोती त्याचीच आहेत. पण जांभ्याचा थर हीच आपली टाकी असेल, तर तिचा किती भाग कापून विकायचा, कुठल्या झऱ्याच्या डोक्यावरचा कापायचा नाही, हे गावाने बसून ठरवायला हवे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकर लागतो. जांभा पाणी लवकर घेतो आणि लवकर सोडतोही. त्याच्या कडेची झाडी गेली, वरचा थर गेला, की ते सोडणे आणखी लवकर होते.

राईत वर पाहा. पंखांचा मोठा 'घुर्र' आवाज आला तर धनेश किंवा ककणेर असेल. हे पक्षी जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीतच घरटे करतात. मादी स्वतःला आत कोंडून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून वडा-उंबराची फळे आणून भरवतो. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला असली ढोली येत नाही. म्हणजे धनेश दिसला की समजावे, या गावात कुणीतरी तीन-चार पिढ्या कुऱ्हाड थांबवली आहे.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत किती जुने जंगल शिल्लक आहे, हे दाखवून दिले. रत्नागिरी जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची, कारण इथे सरकारी राखीव जंगल अगदी नगण्य आहे. आपल्याला दिसते ती बहुतेक झाडी खासगी मालकीची आहे, आणि एका सर्व्हे नंबरावर वीस-वीस वारसांची नावे. खैर काताला जातो, ऐन-किंजळ जळाऊ लाकडाला. विकणारा प्रत्येक जण काही श्रीमंत नसतो, आणि मुंबईतल्या सगळ्याच वारसांना आपली झाडी कुठे आहे हेही माहीत नसते.

राईच्या बाहेर पडताना काही झाडे विचित्र दिसतील. उंच, सडसडीत खोड आणि वर गाठी-गाठी. ही कवळ तोडलेली ऐन-किंजळाची झाडे. उन्हाळ्यात डहाळ्या तोडायच्या, त्या वाळवून भाताच्या रोपांच्या जागेवर पसरायच्या, वर शेण-गवत-माती घालून भाजायचे. ही भाजावळ. रान आणि शेत यांची सांगड अशी झाडाच्या अंगावरच लिहिलेली असते.

पाखाडी : पायांनी बांधलेला रस्ता

आता पायांखाली दगडी पायऱ्या लागतात. ही पाखाडी. जांभ्याचे चिरे उतारावर एकापुढे एक बसवलेले, दोन्ही बाजूंना गडगा, मधे एखादे बेडे. पाखाडीचे चिरे मधोमध झिजलेले असतात. डोक्यावर गवताचा भारा, कळशी, आंब्याची पेटी, शाळेचे दप्तर आणि नव्या नवरीची पालखी या सगळ्यांच्या वजनाने ते झिजलेले आहेत. चालताना जपून. भाद्रपदात त्यांवर शेवाळ असते आणि जांभ्यावरचे शेवाळ साबणासारखे निसटते. पाय आडवा टाकावा, घाई करू नये.

वाडीत शिरल्यावर बरीच घरे बंद दिसतील. गणपतीला उघडली, सारवली, आणि विसर्जनानंतर चाकरमान्यांबरोबर पुन्हा मिटली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लाख १५ हजार झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. त्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ सरळ आहे. पुरुष मुंबईला गेले, गाव बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी सांभाळले.

माणसे कमी झाली की सर्वांत आधी वाट जाते. घर बंद असले तरी कुणी तरी कौले शाकारायला येतो. जमीन पडीक असली तरी सातबारा राहतो. वाटेचे तसे नाही. दोन पावसाळे कुणी चाललेच नाही, तर तेरडा, रानमोडी आणि करवंद तिला झाकून टाकतात. पऱ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला की पुन्हा घालायला चार माणसे मिळत नाहीत. वाडीपर्यंत डांबरी रस्ता येणे हे भलेच झाले. आजारी माणसाला आता डोलीतून न्यावे लागत नाही. पण गाडी सड्यावरून थेट अंगणात येऊ लागली, तशी सड्यापासून खाडीपर्यंतची सलग ओळख तुटली. मुलांना वरचे पठार वेगळे आणि घरामागची विहीर वेगळी वाटू लागली.

मळा : दीड तासाचे फूल

वाडीखाली मळे लागतात. आषाढात लावलेला तरवा आता कमरेएवढा झालेला असतो. हळवी भाते पिवळी पडू लागलेली, निमगरवी निसवलेली, गरवी अजून पोटरीत. बांधावरून चालताना एका ओळीत चालावे. बांध ही शेतकऱ्याची भिंत आहे. खेकड्यांच्या बिळांनी ती आधीच पोखरलेली असते. बांध ढासळला तर वरच्या खाचरातले पाणी खालच्यात जाते आणि दोन्ही पिकांचे नुकसान होते.

सकाळी दहाच्या सुमारास निसवलेल्या भाताजवळ थांबून एक लोंबी निरखून पाहा. दाण्याची दोन टरफले किंचित उघडलेली दिसतील आणि बाहेर पिवळट धाग्यांसारखे केसर लोंबत असतील. हे भाताचे फूल. ते साधारण तास-दीड तास उघडे राहते, तेवढ्यात परागीकरण व्हायचे, मग मिटले की मिटले. नेमक्या त्या वेळी सरी आल्या तर पराग धुऊन जातो आणि दाणा भरत नाही. अशा पोकळ दाण्याला आपण पळींज म्हणतो. शिवाय दिवसच्या दिवस मळभ आणि ओल राहिली की करप्याची भीती. म्हणूनच आपण मजेत चाललेलो असताना बांधावरचा माणूस आभाळाकडे बघत असतो. त्याला 'छान हवा आहे नाही!' असे म्हणू नये. 'भात बरे आलेय' म्हणावे. मग तो थांबून बोलतो.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या कृषी संशोधन केंद्राने या मळ्यांसाठी भाताच्या जाती दिल्या. 'रत्नागिरी १', 'रत्नागिरी २४' ही नावे आपल्या जिल्ह्याचेच नाव घेऊन बाहेर गेली. बियाण्याची वाण आज नाही. वाण आहे ती माणसांची. लावणीला हात मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, आणि उरलेसुरले पीक रानडुकरे आणि माकडे खातात. म्हणून हिरव्या खाचरांच्या मधे मधे गवताने भरलेली पडीक खाचरे दिसतात. मळा पडला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. खाचरात चार महिने पाणी उभे राहते, त्यातले काही जमिनीत मुरते आणि वाडीच्या विहिरींना लागते. वरचा सडा ही जर टाकी, तर मळा हे तिचे दुसरे भांडे आहे. १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून आंबा-काजूची लागवड उतारावर आणि कातळावरही वाढली. तिने गावात पैसा आणला हे नाकारता येणार नाही. पण हापूस पाणी साठवण्याचे काम करीत नाही. ते काम अजून भातानेच करायचे आहे.

खाडी : वाटेचा शेवट

मळ्यांच्या कडेने पऱ्या वाहतो, कुठे कोंड करतो, पुढे नदीला मिळतो. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला ही नदी म्हणजे काजळी. सह्याद्रीतून निघून साखरपा, आंजणारी, हरचेरी, सोमेश्वर करीत ती भाट्याला समुद्राला मिळते. खालच्या भागात भरतीचे पाणी नदीत शिरते, काठाला चिपी आणि कांदळाची झाडे लागतात. ओहोटीला बायका तिसऱ्या-मुळे काढायला चिखलात उतरतात. सड्यावर पडलेला थेंब झरा, विहीर, खाचर, पऱ्या असा सगळ्यांच्या उपयोगी पडून इथे खाऱ्या पाण्याला मिळतो. वर कुठेही माती उघडी पडली तर तीही इथेच येते. खाडी गाळाने का भरली, या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर आपण आत्ताच चालून आलेल्या वाटेवर असते.

वाट राखायची कशी?

इंग्लंडमध्ये शेतांतून, रानांतून जाणाऱ्या पायवाटांवर कुणालाही चालण्याचा हक्क असतो. तो त्यांना फुकट मिळाला नाही. १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मालकांची बंदी मोडून कामगार तरुण चालत गेले, त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि प्रत्येक परगण्याला आपल्या पायवाटा नकाशावर नोंदवाव्या लागल्या. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा नोंदलेल्या आहेत.

आपल्याकडे फिरण्यासाठी असा सरसकट हक्क नाही, पण वाटेला कायद्यात जागाच नाही असेही नाही. गाव नकाशावर जुने पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. शेतात जायला बांधावरून रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे मागता येतो. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तो मोकळा करून मागता येतो. मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. आणि वहिवाट सिद्ध करायची तर त्या वाटेने कुणी तरी चालत असले पाहिजे.

म्हणून सांगणे एवढेच. पुढच्या गणपतीला गावी गेलात तर विसर्जनानंतर एक दिवस राखून ठेवा. मळभ असेल तर उत्तमच. सकाळी आठच्या सुमारास मुलांना घेऊन सड्यावर जा आणि बरोबर गावातले एखादे जाणते माणूस घ्या, आजोबा किंवा काकी, ज्यांनी ही वाट डोक्यावर ओझे घेऊन तुडवली आहे. ज्यांच्या जमिनीतून जायचे त्यांना आधी विचारा. छत्री, पाण्याची बाटली, काठी आणि चांगले बूट घ्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा धोका असतो. राईत मोठ्याने गाणी लावू नका आणि कातळशिल्पांवर पाय देऊ नका.

चालता चालता विचारत राहा. या कातळाचे नाव काय, त्या झऱ्याचे काय, या खाचराला काय म्हणतात, हा साकव कुणी घातला होता. रत्नागिरीच्या गावांत प्रत्येक तुकड्याला नाव आहे, आणि यांतली बहुतेक नावे कुठल्याही नकाशावर नाहीत. मुलांपैकी एकाच्या हातात वही द्या आणि ती उतरवून घ्यायला सांगा. कोयता बरोबर असला तर वाटेवर आलेली चार करवंदाची जाळी तोडून ठेवा, म्हणजे शिमग्याला येणाऱ्यांना वाट सापडेल.